फाट्यापासून पुढे: मराठवाड्यात फिरणाऱ्यांसाठी फोनमधल्या नकाशा-ॲपची पारख

सोलापूर-धुळे महामार्गावर कोणतंही ॲप लावा, ते सहसा चुकत नाही. बीडहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्याला ॲपची फारशी गरजही नसते. पाट्या आहेत, ढाबे आहेत, विचारायला माणसं आहेत. परीक्षा सुरू होते ती गाडी फाट्यावर वळल्यावर. डांबर संपून मुरूम लागतो, रेंज एका काडीवर येते आणि पुढे दोन वाटा फुटतात. एक तांड्यावर जाते, दुसरी कुणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावर. तिथे फोन काय दाखवतो, यावर ॲपची लायकी ठरवायला हवी. बियाणं-खताचे विक्री प्रतिनिधी, पीक विम्याचे सर्वेक्षक, जनावरांचे डॉक्टर, कुरिअरवाले, रुग्णवाहिकेचे चालक यांचं काम याच शेवटच्या पाच-सात किलोमीटरवर अवलंबून असतं. म्हणून हे परीक्षण सगळं त्याच निकषावर केलं आहे.

निकाल आधीच सांगतो. एका ॲपवर विसंबू नका, दोन ठेवा. गुगल मॅप्स महामार्गासाठी, शहरासाठी आणि दुकान-दवाखाना शोधण्यासाठी. ऑरगॅनिक मॅप्स फाट्यापासून पुढे, संपूर्ण महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून. ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली चालवत असाल, किंवा गेलेल्या वाटेची नीट नोंद ठेवायची असेल, तर ऑरगॅनिक मॅप्सच्या जागी ऑसमअँड घ्या. वेगळं जीपीएस यंत्र विकत घेण्याची गरज फार थोड्यांना आहे.

रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं का?

हा गैरसमज सगळ्यात जास्त नडतो, म्हणून आधी तो दूर करू. फोनमधला जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो, उपग्रहाला काहीही पाठवत नाही. त्याला ना सिम लागतं, ना डेटा. रेंज गेल्यावर जे गायब होतं ते नकाशाचं चित्र आणि रस्ता काढणारा सर्व्हर. नकाशा फोनमध्ये उतरवलेला असेल आणि रस्ता फोनच काढत असेल, तर विमान मोडमध्येही ॲप चालतं. उपग्रह-स्थान चालू ठेवायचं, एवढंच.

इंटरनेटचा एक उपयोग मात्र खरा आहे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. डेटा चालू असेल तर फोन ही माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो. कक्षेचा तपशील साधारण चार तास कामी येतो. म्हणून तालुक्याच्या गावातून निघतानाच, रेंज असताना, ॲप एकदा उघडून निळा ठिपका स्थिर होऊ द्या. डोंगरात पोहोचून पहिल्यांदा ॲप उघडलं, की ठिपका बराच वेळ भटकत राहतो आणि ॲपवर दोष येतो.

फोन घेताना ‘नाविक आहे का’ असंही विचारलं जातं. नाविक ही आपली भारतीय यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला आणि २९ मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ पासून सामान्य फोनना सोयीच्या एल-१ लहरीवरही ती बोलू लागली. चांगली गोष्ट आहे, पण फक्त तेवढ्यासाठी महाग फोन घेऊ नका. एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही लहरी ऐकणारा फोन शहराच्या गल्लीत आणि घाटात ठिपका अधिक नेमका ठेवतो, कारण भिंतीवरून किंवा कड्यावरून उलटून आलेला सिग्नल त्याला ओळखता येतो. परभणी-जालन्याच्या उघड्या रानात साधा फोनही तीन ते पाच मीटरपर्यंत जागा सांगतो. जीपीएसटेस्ट नावाचं मोफत ॲप लावलं, की आपला फोन कोणत्या देशाचे किती उपग्रह ऐकतो ते समोर दिसतं.

गुगल मॅप्स

शोधण्यात याच्या जवळपासही कुणी नाही. ‘घनसावंगी’ देवनागरीत लिहा, रोमन अक्षरांत तीन प्रकारे लिहा किंवा बोलून सांगा, गाव सापडतं. पंप, मेडिकल, कृषी सेवा केंद्र, त्यांची वेळ, फोन नंबर, सगळं एका जागी मिळतं. महामार्गावरची कोंडी दिसते. दुचाकीचा वेगळा पर्याय भारतात २०१७ च्या अखेरीला आला, तोही कामाचा आहे.

अडचण ऑफलाइनमध्ये आहे. नकाशाचा चौकोन उतरवून ठेवता येतो, पण त्यावर मार्ग मिळतो तो फक्त चारचाकीचा. पायी, सायकल, बस यांतलं काही चालत नाही. रहदारी आणि पर्यायी मार्गही दिसत नाहीत. मराठवाड्यात याचा एक ठोस तोटा आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला प्रवेश नाही. रेंज नसताना दुचाकीस्वाराला गुगल चारचाकी समजूनच मार्ग देतं, आणि जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या आसपास सरळ समृद्धीच्या इंटरचेंजकडे वळवू शकतं. उपाय सोपा आहे: निघण्याआधी मार्गाच्या पर्यायांत ‘महामार्ग टाळा’ चालू करा. चारचाकीवाल्यांसाठी दुसरी सूचना. समृद्धीवर एक्झिट चुकली तर मध्ये कुठेही वळता येत नाही आणि पुढचा इंटरचेंज दूर असतो. छत्रपती संभाजीनगरसाठी सावंगी की माळीवाडा, कोणत्या इंटरचेंजला उतरायचं ते चढण्याआधीच बघून ठेवा.

ऑफलाइन नकाशाला मुदतही असते. प्रोफाइलच्या चित्रावर टेकवून ‘ऑफलाइन नकाशे’ उघडलं, की प्रत्येक चौकोनाखाली मुदतीची तारीख दिसते. मुदतीला १५ दिवस किंवा कमी उरले, की वाय-फायवर तो आपोआप नवा होतो. घरी वाय-फायच नसेल, तर सेटिंगमध्ये ‘वाय-फाय किंवा मोबाइल नेटवर्क’ निवडावं लागतं. ते न केल्यामुळे ऐन वेळी नकाशा कोरा निघतो.

गावाकडच्या रस्त्यावर गुगलची वेळही फसवी असते. रहदारीचा अंदाज ते रस्त्यावरच्या इतर फोनवरून बांधतं. ज्या रस्त्यावर तासात चार गाड्या जातात, तिथे फोनच नसतात, मग खड्ड्यांचा हिशोब कुठून येणार? फाट्यापासून पुढचं अंतर गुगल २० मिनिटांचं सांगत असेल, तर ४० धरून निघावं.

ट्रक आणि जड वाहनांसाठी गुगलमध्ये वेगळा पर्यायच नाही. कन्नड-चाळीसगावचा औट्रम घाट याचं चांगलं उदाहरण. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने २०२३ मध्ये तिथे जड वाहनांना बंदी झाली. मोटारीला घाट मोकळा असल्याने ॲप तोच जवळचा मार्ग देत राहतं, आणि मालाने भरलेला ट्रक पायथ्यापर्यंत जाऊन अडकतो. बाहेरून येणाऱ्या चालकाला हे कळावं कसं? अशा ठिकाणी घाटाआधीच्या मोठ्या गावात थांबून सद्यस्थिती विचारणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

ऑरगॅनिक मॅप्स

हे मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, तुम्ही कुठे फिरलात याची नोंद कुठे पाठवली जात नाही. मॅप्स.मी या जुन्या ॲपच्या मुक्त संहितेवरून ते तयार झालं आणि २०२१ मध्ये लोकांसमोर आलं. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत आणलेला. त्यातूनच २०२५ मध्ये कोमॅप्स नावाची वेगळी शाखा निघाली. वापरायला दोन्ही जवळजवळ सारखी आहेत, एक पुरे.

ॲप लावल्यावर डाउनलोडच्या यादीत भारत उघडून महाराष्ट्र निवडा. हे काम वाय-फायवर करा. इथेच त्याचा मोठा गुण दिसतो: एका डाउनलोडमध्ये मराठवाड्याचे आठही जिल्हे, शिवाय पुणे-नाशिक. उदगीर, देगलूर, किनवट भागात फिरणार असाल तर कर्नाटक आणि तेलंगणाही उतरवा, कारण सीमेपलीकडून जाणारा जवळचा रस्ता नकाशा नसेल तर ॲप सांगूच शकत नाही.

त्यानंतर मार्गाच्या पर्यायांत ‘कच्चे रस्ते टाळा’ चालू करा. जून ते ऑक्टोबर हा पर्याय बंद करूच नका. आपल्या काळ्या मातीत पाणंद आणि शिवरस्ता एका पावसात चिखल होतो. दुचाकीचं मडगार्ड आणि चाक यांच्यात माती घट्ट बसते आणि गाडी पुढे सरकत नाही. मार्चमध्ये त्याच वाटेने चार किलोमीटर वाचतात, तेव्हा पर्याय काढून टाका.

पण हा पर्याय चालू असूनही ॲप कधी कधी कच्च्यात घालतं. त्याचं कारण समजून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवरचे आपल्याकडचे पुष्कळ रस्ते उपग्रहाच्या छायाचित्रावरून रेखाटलेले आहेत. रेखाटणाऱ्याला रेघ दिसते. ती डांबरी, खडीची की नुसती गाडीवाट, हे वरून सांगणं अवघड. मग तो पृष्ठभागाची नोंद रिकामी सोडतो, आणि नोंद नसलेल्या गावरस्त्याला ॲप पक्का धरून चालतं. यावर उपाय म्हणजे मार्ग काढल्यावर नकाशा मोठा करून शेवटचे काही किलोमीटर डोळ्यांनी तपासणं. सलग रेघ म्हणजे रस्ता, तुटक रेघ म्हणजे गाडीवाट किंवा पायवाट. एवढं बघायला मिनिटही लागत नाही.

उणिवा आहेत. दुचाकीचा वेगळा पर्याय नाही, रहदारी दिसत नाही, दुकानं फार कमी. शोधही गुगलइतका समजूतदार नाही: खूप खेड्यांची नावं फक्त रोमन अक्षरांत भरलेली आहेत, म्हणून देवनागरीत सापडलं नाही तर रोमनमध्ये शोधा, आणि तिथेही नाही मिळालं तर जवळचं मोठं गाव गाठून नकाशा बोटाने सरकवा. तांडे आणि वस्त्या बऱ्याचदा नसतातच.

आवाजाबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ॲपचा आवाज फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच इंजिनमधून, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीतून, येतो. निवडलेल्या भाषेचं व्हॉइस पॅक फोनमध्ये उतरवलेलं नसेल, तर रेंज जाताच ॲप मुकं होतं. भाषा सेटिंगमध्ये जाऊन ते पॅक आधीच उतरवा आणि विमान मोड लावून एकदा ऐकून बघा.

ऑसमअँड

नकाशा तोच, पण हे ॲप दहा पट खोल. म्हणूनच पहिल्या भेटीत ते दमवतं. याचं खरं मूल्य प्रोफाइलमध्ये आहे. मोटार, दुचाकी, ट्रक, सायकल, पायी अशा प्रत्येकासाठी वेगळी मांडणी करता येते, आणि ट्रकच्या प्रोफाइलमध्ये वाहनाची उंची, रुंदी, वजन भरता येतं. उसाने रचून भरलेली ट्रॉली किंवा कापसाचा टेम्पो घेऊन निघालेल्याला ही सोय मोलाची आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात दरवाज्यांच्या कमानी आहेत, ठिकठिकाणी रेल्वेखालचे बोगदे आहेत. उंचीची नोंद नकाशावर असेल तर ऑसमअँड तो रस्ता टाळतं. ‘नोंद असेल तर’ हे शब्द विसरू नका. न नोंदवलेली कमान कोणत्याच ॲपला दिसत नाही, म्हणून भरलेल्या गाडीची उंची चालकाला पाठ असायला हवी. फोनमध्येही ती मोजून भरा, अंदाजाने नको, आणि माल रचल्यावरची भरा.

गुगल प्लेवरच्या मोफत आवृत्तीत नकाशे उतरवण्याला सातची मर्यादा आहे. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून घेतलं तर ती नाही. मराठवाड्यापुरतं सात पुरतात, पण नकाशा नवा करणंही त्यातच मोजलं जातं, हे ध्यानात ठेवून घाई करू नका.

वाट नोंदवण्याची सोय फार चांगली आहे. ट्रिप रेकॉर्डिंगचं प्लगइन चालू करा, दुचाकीसाठी दर ५ सेकंदांना एक बिंदू पुरतो, पायी १० सेकंद. फाइल जीपीएक्स प्रकारची बनते आणि ती व्हॉट्सॲपवर दुसऱ्याला पाठवली, की त्याच्या ऑसमअँडमध्ये किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये उघडते. रस्ताच नसलेल्या शेतवस्तीवर दुसऱ्याला पाठवायचं असेल तेव्हा याहून चांगला पत्ता नाही. विक्री प्रतिनिधी बदलतो तेव्हा जुन्याच्या अशा फायली नव्याला मिळाल्या, तर त्याचा पहिला महिना वाचतो.

दोष दोन. जुन्या किंवा स्वस्त फोनवर २०० किलोमीटरच्या पुढचा मार्ग काढायला ते वेळ घेतं. मध्ये एखादं गाव थांबा म्हणून टाकलं की काम हलकं होतं. आणि मेनू इतके खोल आहेत, की गाडी चालवताना काही बदलायला जाऊ नये. सगळं घरी लावून निघा.

मॅपल्स आणि बाकीचे

मॅपल्स हे मॅपमायइंडियाचं, म्हणजे १९९५ पासून भारताचे नकाशे बनवणाऱ्या कंपनीचं. मोठ्या चौकाचं त्रिमितीय चित्र, गतिरोधक आणि धोक्याच्या वळणांचे इशारे हे त्याचे गुण. रात्री अनोळखी राज्य मार्गावर गतिरोधकाचा इशारा वेळेवर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, कारण आपल्याकडे पांढरे पट्टे पुसलेले गतिरोधक सर्रास असतात. सहा अक्षरांचा मॅपल्स पिन फोनवर सांगायला सोपा. पण ते मुख्यतः इंटरनेटवर चालतं, म्हणून फाट्यापुढे त्याचा आधार तुटतो. महामार्गावर गुगलला पर्याय म्हणून ठेवायला हरकत नाही.

वेझ या ॲपला सतत डेटा हवा आणि सतत वापरणारे लोक हवेत. मराठवाड्यात दोन्ही नाही, सोडून द्या. आयफोनवाल्यांना ॲपल मॅप्समध्ये २०२३ पासून ऑफलाइन नकाशे मिळतात, पण गावाकडचा तपशील विरळ. हिअर वीगो ऑफलाइन चालतं, मात्र तिकडे वळण्याचं खास कारण दिसत नाही.

पत्ता कसा घ्यायचा आणि कसा द्यायचा

चुकीच्या गावी पोहोचण्यात ॲपपेक्षा पत्त्याचा वाटा मोठा असतो. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, सावरगाव, धानोरा या नावांची गावं जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात, कुठे तर एकाच तालुक्यात दोन आहेत. शोधताना गावापुढे तालुका लिहा आणि यादीतलं अंतर बघा. ३० किलोमीटरवर असायला हवं ते १४० दाखवत असेल, तर ते दुसरं गाव. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. सगळ्या नकाशांवर सगळी नोंद अजून एकसारखी नाही, तेव्हा एका नावाने सापडलं नाही तर दुसरं वापरून बघा.

व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवताना समोरच्याला घराबाहेर उघड्यावर येऊन, मिनिटभर थांबून पाठवायला सांगा. पाठवण्याच्या पडद्यावर ‘अमुक मीटरपर्यंत अचूक’ असं लिहून येतं. तो आकडा १० च्या खाली आल्यावरच पाठवावं. पत्र्याच्या घरात बसून पाठवलेलं लोकेशन मोबाइल टॉवरवरून काढलेलं असू शकतं, आणि मग ते पाचशे मीटर इकडे-तिकडे पडतं.

सगळ्यात भरवशाचा पत्ता म्हणजे अक्षांश-रेखांश. गुगल मॅप्सवर जागेवर बोट दाबून धरलं, की दोन आकडे मिळतात. ते जसेच्या तसे कोणत्याही ॲपच्या शोधात चिकटवता येतात. छत्रपती संभाजीनगरचे ते साधारण १९.८७६, ७५.३४३ आहेत. आधी अक्षांश, मग रेखांश. उलटे टाकले तर ठिपका थेट नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतो, त्यामुळे ही चूक लगेच ओळखू येते. लपून राहते ती दुसरी चूक: अंश-मिनिट-सेकंदातला आकडा दशांश समजून टाकणं. १९ अंश ५२ मिनिटं म्हणजे १९.५२ नव्हे, १९.८६७. एवढ्या फरकात माणूस ३८ किलोमीटर दक्षिणेला जातो. दशांश चिन्हापुढे पाच आकडे असावेत, म्हणजे जागा मीटरभरात ठरते. चारच असतील तर ११ मीटरची ढिलाई राहते. वस्ती शोधायला ती चालते, विहीर किंवा विजेची डीपी शोधायला नाही.

पाणी आलं की

फरशी पुलावर किती पाणी आहे हे कोणतंही ॲप सांगत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा-भूम भागातली गावं तुटली, तेव्हा नकाशावर ते रस्ते अखंडच होते. मांजरा, तेरणा, सिंदफणा, दुधना, पूर्णा यांच्या काठाने जाताना, वरच्या भागात मोठा पाऊस झाला असेल, तर ॲपचा जवळचा मार्ग बाजूला ठेवून उंच पूल असलेला राज्य मार्ग धरा. दहा-वीस किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. अंधारात तर याला अपवाद करूच नये.

धरणांच्या फुगवट्यातही असंच फसायला होतं. नाथसागरात उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात आणि तिथून वाटा तयार होतात. त्या काळातलं छायाचित्र बघून कुणी ती वाट नकाशावर आखली, तर ऑक्टोबरात ती पाण्याखाली असते आणि ॲप तिच्यावरून नेतं. पैठण, गंगापूर बाजूला जलाशयाला चिकटून जाणारी पांढरी रेघ दिसली, तर उपग्रह चित्राचा थर लावून तपासा.

फोनच्या बाजूने होणाऱ्या चुका

आवाज मध्येच बंद पडतो, ठिपका एका जागी गोठतो, असं झालं की लोक ॲप काढून टाकतात. बहुधा दोष फोनच्या बॅटरी बचतीचा असतो. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन बॅटरी ‘अनिर्बंध’ करा, काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही वेगळं चालू करावं लागतं. लोकेशनची परवानगी ‘अचूक’ आहे ना तेही बघा. ‘अंदाजे’ असेल तर जागा किलोमीटरच्या हिशोबात चुकते. बाण उलट्या दिशेला फिरत असेल, तर फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवा. चुंबकाच्या होल्डरवर फोन असेपर्यंत होकायंत्र बिघडलेलंच राहणार, तेव्हा पकडीचा होल्डर घ्या.

मे महिन्यातली दुपार हा वेगळाच विषय आहे. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हवामान सांगतं. आपल्याकडे सावलीतच ४२ असतं. काचेमागे डॅशबोर्डवर ठेवलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. मोटारीत एसीच्या जाळीवर होल्डर लावा. दुचाकीवर कव्हर काढा आणि पडदा बंद ठेवून नुसत्या आवाजावर चला. ऑसमअँडमध्ये फक्त वळणाआधी पडदा जागा होण्याची सोय आहे, ती उन्हाळ्यात आवर्जून लावा. हँडलवरच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिरता यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. थरथर शोषणारा रबरी डॅम्पर असलेला होल्डर घ्या किंवा फोन खिशात ठेवा.

शेत मोजायला चालतं का?

फवारणीचा, ठिबकच्या नळ्यांचा, बियाण्याचा अंदाज घ्यायला चालतं. बांधाच्या भांडणाला अजिबात नाही. हिशोब बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. चौकोनी असेल तर बाजू ६३.६ मीटर. चारही बांधांवर फोन तीन-तीन मीटर बाहेर चुकला, तर बाजू ६९.६ होते आणि क्षेत्र ४,८४४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आठ गुंठे जास्त. सगळे बिंदू एकाच दिशेला सरकले तर क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून प्रत्यक्षात इतकी चूक क्वचित होते. पण कधी होते ते फोन सांगत नाही. कोपऱ्यावर अर्धा मिनिट थांबून मग बिंदू घ्या, झाडाखाली घेऊ नका. हद्द ठरते ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच.

यूटीएम पद्धतीत, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगण्याच्या पद्धतीत, काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मराठवाडा जवळजवळ सगळा ४३ व्या पट्ट्यात येतो, पण ७८ रेखांशाच्या पूर्वेला ४४ वा सुरू होतो. माहूर ४३ मध्ये, किनवट ४४ मध्ये. पट्टा न बदलता आकडे टाकले, तर बिंदू शेकडो किलोमीटर दूर पडतात.

वेगळं यंत्र कुणी घ्यावं

गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात किंवा किनवटच्या जंगलात दिवसचे दिवस पायी काम करणाऱ्यांनी. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्समध्ये दोन एए सेलवर २५ तास निघतात, पडदा उन्हातही वाचता येतो आणि पावसाची भीती नाही. ईट्रेक्स एसई त्याहून कितीतरी जास्त दिवस चालतं, पण त्यात नकाशा नाही, फक्त बिंदू आणि दिशा. घेताना हा फरक विचारून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला मोफत नकाशा घालता येतो: मायक्रोएसडी कार्ड एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट करा, त्यात ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर रोमन अक्षरांत करा, नकाशाची आयएमजी फाइल त्यात ठेवा. एक फाइल चार जीबीच्या आत असायला हवी. नावं रोमन अक्षरांतली निवडा, अशा छोट्या यंत्रांवर देवनागरी नीट उमटत नाही. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटं दाखवते. गाडी चालवायला हे यंत्र घेऊ नका, २.२ इंचाच्या पडद्यावर वळण दिसेपर्यंत मागे पडलेलं असतं.

आपलं गाव नकाशावर

फाट्यापुढचा नकाशा सुधारण्याचा उपाय आपल्याच हातात आहे, आणि तो फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा. स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइडवरचं ॲप चालता-चालता साधे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी आहे का, खडीचा, की मातीचा? पुलाची उंची किती? तुमच्या एका उत्तराने ती रिकामी नोंद भरते, आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्याय त्या रस्त्यापुरता खरा होतो. राहिलेलं दुकान, शाळा, दवाखाना ऑरगॅनिक मॅप्समधूनच जोडता येतो. नवा रस्ता किंवा तांडा आखायचा असेल तर संगणकावर ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावरचा संपादक उघडा आणि नोंदवलेली जीपीएक्स फाइल त्यात टाकून तिच्यावरून रेघ काढा. गुगलवर बघून काहीही उतरवू नका, परवान्यात ते बसत नाही आणि अशा नोंदी काढून टाकल्या जातात. गावाचं नाव लोक लिहितात तसं देवनागरीत भरा, शिवाय रोमनमध्येही भरा, म्हणजे दोन्हीकडून शोधता येईल. तांड्याचं आणि वाडीचं नाव मूळ गावापासून वेगळं टाका. बदल ॲपमध्ये लगेच दिसत नाही. नकाशाची पुढची आवृत्ती निघाल्यावर, साधारण महिन्याभरात, महाराष्ट्राचा नकाशा वाय-फायवर पुन्हा उतरवला की रस्ता दिसू लागतो.